रंग कुणाचा, भिंत कुणाची?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा आणि सावकाश वाचा.

आपल्या परिसरात सध्या एक चांगली चर्चा सुरू आहे. जुन्या वसाहतींच्या, क्वार्टर्सच्या, घरकुलांच्या उडालेल्या भिंती आपल्या पोरांनीच रंगवाव्यात, त्यावर चित्रं काढावीत, म्हणजे गल्लीला जरा कळा येईल, असं काही तरुण म्हणतायत. दोन-तीन ग्रुपवर मुंबईच्या रंगीत डोंगरवस्तीचे फोटो फिरले. 'आपल्याकडे का नाही?' असं विचारणंही झालं. लगेच दुसऱ्या बाजूनं उत्तर आलं, 'आधी गटार करा, मग रंग लावा.' आणि नेहमीसारखी चर्चा तिथंच अडकली.

मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं. पण ही काही आजची भानगड नाही. दुर्लक्षित वस्तीत कलेनं काय होतं आणि काय होत नाही, याचा आपल्याच महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो एकदा नीट पाहिला तर निर्णय घेणं सोपं जाईल, म्हणून हा लेखप्रपंच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वस्तीत कला आली की वस्ती सुधारते, हे अर्धं खरं आहे. कला वस्तीच्या हातात असली तर ती माणसं जोडते, आणि जोडलेली माणसं पाणी, गटार, घराचा हक्क मागू शकतात. कला बाहेरून येऊन भिंतीला चिकटली, तर एका पावसाळ्यात फिकी पडते.

आधी आपल्या घरातलं

भिंत रंगवणं आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. श्रावणात कानबाई बसायची म्हटलं की खान्देशातल्या घरात काय धांदल असते ते सांगायला नको. घर धुऊन काढायचं, चुना मारायचा, ऐपत असेल तर रंग काढायचा. दिवाळीला पुन्हा तेच. सातपुड्यातल्या पाड्यांवर कुडाच्या भिंती शेण-मातीनं सारवल्या जातात. भिंत कच्ची असते, पण तिची निगा पक्की असते.

तिकडे पालघर-डहाणू भागात वारली चित्रांचं मूळही असंच आहे. लग्नघरात गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक काढायचा, तोही सुवासिनींनी. १९७० च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंतामुळे ही चित्रं कागदावर आली आणि जगभर गेली. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आज वारली चित्रं हॉटेलात, एसटी स्टँडवर, साडीवर, सगळीकडे दिसतात. पण मूळ भिंतीवरचं चित्र विकायला किंवा दाखवायला काढलेलं नव्हतं. ते त्या घरातल्या कार्यासाठी, त्या घरातल्या बायकांनी काढलेलं होतं. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

चाळी कशा आल्या

आता शहरात जाऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट वस्त्यांमुळे रोग पसरतो हे सरकारच्या लक्षात आलं आणि १८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. या ट्रस्टनं वस्त्या पाडल्या, रस्ते काढले आणि कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्याच बी.आय.टी. चाळी. परळच्या अशाच चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून जास्त काळ राहिले.

पुढे १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बी.डी.डी., स्थापन झालं. योजना होती ५० हजार खोल्यांची. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथं मिळून २०७ चाळी आणि सुमारे १६ हजार खोल्या झाल्या. एक खोली १६० चौरस फुटांची. संडास आणि मोरी सामाईक. सुरुवातीला तर या सिमेंटच्या खोल्यांत राहायला लोकच तयार नव्हते, बऱ्याच खोल्या रिकाम्या राहिल्या. १९३० च्या कायदेभंगाच्या वेळी वरळीच्या चाळींचा सरकारनं चक्क तात्पुरता तुरुंग केला होता. घर म्हणून बांधलेली वास्तू तुरुंग म्हणून सहज वापरता आली, यावरून ती बांधताना राहणाऱ्या माणसाचा किती विचार झाला होता ते कळतं.

तरी याच चाळींत माणसांनी जगण्याची मोठी संस्कृती उभी केली. चित्रकार बोलावला नव्हता, फंड नव्हता, उद्घाटनाचा फलक नव्हता. ती कशी उभी राहिली ते बघण्यासारखं आहे.

गॅलरीतली कला

गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. आज गणेशोत्सव म्हणजे डीजे आणि बॅनर असं चित्र डोळ्यांपुढे येतं, पण चाळीच्या दृष्टीनं त्याचा अर्थ वेगळा होता. वर्गणी गोळा करायची म्हणजे प्रत्येक दार वाजवायचं. मखर करायचं म्हणजे सुतारकाम येणारा, रंगकाम येणारा, लाईट जोडता येणारा माणूस चाळीतूनच शोधायचा. नाटक बसवायचं म्हणजे तालमीला जागा मागायची. या सगळ्यात चाळीला आपल्यात कोण काय करू शकतं याचा पत्ता लागला. मग नळाचं पाणी गेलं, जिना मोडला, की कुणाला पुढे करायचं हे आधीच ठरलेलं असायचं.

लालबागच्या राजाची गोष्ट तर सरळ जागेचीच आहे. १९३२ मध्ये पेरू चाळीजवळचा बाजार बंद झाला. मासे विकणाऱ्या कोळी बायका आणि छोटे व्यापारी उघड्यावर आले. बाजाराला हक्काची जागा मिळू दे म्हणून नवस बोलला गेला, पाठपुरावा झाला, जागा मिळाली आणि १९३४ मध्ये तिथं गणपती बसला. म्हणजे आज ज्याच्या दर्शनाला कोसभर रांग लागते, त्याच्या मुळाशी पोटापाण्याच्या जागेचा प्रश्न आहे.

ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं निघाली. १९२२ मध्ये परळला दामोदर नाट्यगृह उभं राहिलं. गिरणीची पाळी संपवून आलेले कामगार तिथं नाटकं करत, बघत. कोकणातून आलेल्यांनी दशावतार आणि नमन-खेळे आणले, घाटावरच्यांनी तमाशा आणि भजन आणलं. ज्या माणसाला दहा बाय बाराच्या खोलीत आणखी सात-आठ जणांबरोबर पाळीपाळीनं झोपावं लागे, तो रंगमंचावर राजा होई.

आणि मग अण्णा भाऊ साठे. १९४४ च्या सुमाराला अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णा भाऊ माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये राहिले, नंतर घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत. वस्तीवर लिहिणारा माणूस वस्तीतच राहत होता. त्यांची लावणी, त्यांचं लोकनाट्य ऐकायला बसणारे लोक आणि त्यातली पात्रं एकाच नळावर पाणी भरत होती. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांनी काय केलं ते आपण जाणतो. पण तेवढंच महत्त्वाचं हेही आहे की त्यांनी गलिच्छ म्हणून हिणवल्या गेलेल्या वस्तीतल्या माणसाला 'आपल्यावरही गाणं होऊ शकतं' हे दाखवलं.

आपल्या भागाशीही याचा धागा आहे. १९५३ च्या कायद्यानं कामगार कल्याण निधी आणि त्यातून कामगार कल्याण मंडळ आलं. कामगारांच्या नाट्यस्पर्धा, भजनस्पर्धा त्यातूनच फुलल्या. हा वारसा गिरणगावापुरता राहिला नाही, राज्यभरच्या कारखान्यांच्या वसाहतींपर्यंत पोचला. आपलं पुरुषोत्तमनगर म्हणजे सातपुडा-तापी परिसर साखर कारखान्याच्या भोवती उभं राहिलेलं गाव. सीझन संपला की मंडप, गणपतीत कार्यक्रम, क्वार्टर्समधल्या मुलांची स्नेहसंमेलनं, भोंग्यावर चालणारं घड्याळ. कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या कुणालाही गिरणगाव परकं वाटायचं कारण नाही. भोंगा तोच, फक्त धाग्याऐवजी साखर.

मग घसरण

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद होत गेल्या, माणसं गावी परतली किंवा दूरच्या उपनगरांत गेली. चाळी उरल्या, पण चाळीला धरून ठेवणारी पाळी, पगार आणि युनियन सुटली. मंडळं राहिली. त्यांची वर्गणी मात्र दारोदार कमी आणि नेत्यांकडून, बिल्डरांकडून जास्त येऊ लागली. ज्याचा पैसा त्याचा बॅनर मोठा.

हे आपल्याकडेही झालंय, नाकारू नका. राज्यातल्या कितीतरी साखर कारखान्यांच्या, सूतगिरण्यांच्या वसाहती आज अशाच अवस्थेत आहेत. पगार थकले की पहिलं काय थांबतं? क्वार्टरची डागडुजी. मग गिलावा पडतो, गच्ची गळते, पिंपळ उगवतो. माणसं राहतात, कारण जायला दुसरीकडे जागा नसते. घर माझं नाही म्हणून मी खर्च करत नाही, आणि माझी परिस्थिती नाही म्हणून मालक खर्च करत नाही. या दोन 'नाहीं'च्या मध्ये भिंत सडते.

रंगाचे दिवस

साधारण २००० नंतर भिंतचित्रांची नवी लाट आली. २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत माहीम-दादरकडच्या रेल्वेलगतच्या लांबलचक भिंतीवर शेकडो सामान्य माणसांनी चित्रं काढली. नंतर स्वच्छ भारत अभियान आलं, स्वच्छ सर्वेक्षण आलं, आणि नगरपालिकांना भिंती रंगवण्याचे गुण मिळू लागले. आपल्या तालुक्याच्या गावांतही झाडू, चष्मा, पाणी वाचवा, मुलगी वाचवा ही चित्रं त्याच लाटेतली.

यातलं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे घाटकोपर पश्चिमेची असल्फा वस्ती. ज्याचे फोटो आपल्या ग्रुपवर फिरले ती हीच. २०१४ च्या जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. उंचावरून जाणाऱ्या गाडीतून डोंगरावरची ही वस्ती रोज हजारो लोकांना दिसू लागली. देदीप्या रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'चल रंग दे' नावानं डिसेंबर २०१७ मध्ये शनिवार-रविवारी स्वयंसेवक जमवून घरांच्या बाहेरच्या भिंती गुलाबी, निळ्या, पिवळ्या केल्या. आतल्या बोळांमध्ये चित्रं काढली. रंगाच्या कंपनीनं रंग दिला, मेट्रो कंपनीची साथ मिळाली. वर्तमानपत्रांनी इटलीच्या समुद्रकाठच्या गावाशी तुलना केली.

यातलं चांगलं चांगलंच म्हणायला हवं. ज्या वस्तीकडे लोक नाक मुरडून बघत, तिचे फोटो काढायला लोक यायला लागले. राहणाऱ्याला पत्ता सांगताना लाज वाटण्याऐवजी अभिमान वाटणं ही छोटी गोष्ट नाही. ज्यानं कधी नोकरीच्या मुलाखतीत वस्तीचं नाव चोरून सांगितलंय त्याला हे कळेल. शिवाय अनेक शहरी पोरं आयुष्यात पहिल्यांदा अशा वस्तीत शिरली, कुणाच्या तरी घरचा चहा प्यायली. हेही थोडं नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्याच घाटकोपर पश्चिमेला, डोंगरउतारावरच्या आझादनगरात जुलै २००० मध्ये दरड कोसळली आणि ६० हून अधिक माणसं गाडली गेली. डोंगरावरच्या झोपडपट्टीला पहिली गरज संरक्षक भिंतीची असते, दुसरी पाणी वाहून जाण्याच्या नाल्याची. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. रंग त्या पावसाला पुरत नाही आणि दरडीला तर मुळीच पुरत नाही. रंगवणाऱ्यांनी दरड थांबवायचा दावा केला नव्हता, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण मेट्रोतून बघणाऱ्याला वस्ती आता 'छान' दिसते, आणि छान दिसणाऱ्या गोष्टीची तक्रार कुणी ऐकत नाही. हा धोका खरा आहे.

आणि अण्णा भाऊंचं चिरागनगर? तेही घाटकोपर पश्चिमेलाच आहे. एकाच उपनगरात दोन काळ. एका काळात वस्तीतला माणूस वस्तीचं चित्र जगाला सांगत होता. दुसऱ्या काळात जगातली माणसं वस्तीवर चित्र काढून गेली.

धारावीनं वेगळं केलं

मधला मार्ग नाही असं नाही. २०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये धारावीत 'अली गल्ली बिनाले' झालं. 'स्नेहा' ही आरोग्यावर काम करणारी संस्था त्यामागे होती. बिनाले म्हणजे मोठं कलाप्रदर्शन. पण इथं प्रदर्शनाआधी जवळपास दोन वर्षं कार्यशाळा चालल्या. धारावीचेच रहिवासी, म्हणजे कुंभार, शिवणकाम करणाऱ्या बायका, कॉलेजची पोरं, कलावंतांबरोबर बसून वस्तू घडवत होते. विषय होते आरोग्य, पाणी, व्यसन, बाईवरचा अत्याचार. बायकांनी कापडावर धारावीचा नकाशा शिवला आणि घरात मारहाण कुठं कुठं होते ते त्यावर टाक्यांनी दाखवलं.

विचार करा, त्या नकाशानं एकही भिंत सुंदर झाली नाही. पण ज्या गोष्टीवर सासरी-माहेरी कुठंच बोलता येत नव्हतं ती चार लोकांसमोर टांगली गेली. वस्ती सुधारण्यात हेही येतं. घराची दुरुस्ती म्हणजे केवळ छताची दुरुस्ती नव्हे.

बाहेरचे दोन धडे

आता जरा देशाबाहेर जाऊ, कारण आपल्यापुढचा प्रश्न इतरांनी आधीच सोडवलाय किंवा बिघडवलाय.

दक्षिण कोरियातल्या सेऊल शहरात इह्वा नावाची डोंगरउतारावरची जुनी वस्ती आहे. २००६ मध्ये सरकारी योजनेतून कलावंतांनी तिथं चित्रं काढली, पायऱ्यांवर मासे आणि फुलं रंगवली. वस्ती प्रसिद्ध झाली. पर्यटकांची रीघ लागली. दिवसरात्र गोंगाट, कचरा, लोकांच्या खिडकीत कॅमेरे. कॅफेवाल्यांचं फावलं, राहणाऱ्यांची झोप गेली. दुकानं कुठं चालू द्यायची यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत तट पडले. शेवटी एप्रिल २०१६ मध्ये काही रहिवाशांनीच पायऱ्यांवरची ती प्रसिद्ध चित्रं रंग फासून बुजवून टाकली. ज्यांच्यासाठी चित्रं काढली त्यांनीच ती पुसली, याहून स्पष्ट मत कुठल्या ग्रामसभेत मिळणार?

दुसरा धडा इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. तिथल्या ग्रॅनबी भागात १९८१ मध्ये दंगल झाली. त्यानंतर अनेक वर्षं तिथली घरं पालिकेनं ताब्यात घेऊन रिकामी केली, काही पाडली, उरलेल्यांच्या दारा-खिडक्यांना पत्रे ठोकले. चार गल्ल्या कशाबशा उरल्या. तिथं टिकून राहिलेल्या काही बायकांनी काय केलं? गल्ली झाडली. कुंड्या मांडल्या. बंद खिडक्यांवर पडदे आणि फुलं रंगवली. महिन्याला गल्लीत बाजार भरवायला सुरुवात केली. 'आम्ही अजून इथं राहतो' हे सांगायचा तो मार्ग होता. आणि त्या तिथं थांबल्या नाहीत. २०११ मध्ये रहिवाशांनी आपला जमीन-ट्रस्ट स्थापन केला, पडीक घरांपैकी दहा घरं त्या ट्रस्टकडे आली, 'असेम्बल' नावाच्या तरुण वास्तुरचनाकारांच्या गटानं त्यांच्याबरोबर काम केलं. पाडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यातून नव्या वस्तू घडवल्या. २०१५ मध्ये या कामाला ब्रिटनचा कलेतला मानाचा टर्नर पुरस्कार मिळाला. चित्रकारांना मिळणारा पुरस्कार घरदुरुस्तीला!

दोन्ही ठिकाणी रंग होता. ग्रॅनबीत ब्रश राहणाऱ्याच्या हातात होता आणि रंगानंतर घराचा कागद हातात आला. इह्वात ब्रश आधीही दुसऱ्याचा, आणि नंतरचा नफाही बराचसा दुसऱ्याचा.

बी.डी.डी. चाळीचं आज

परत मुंबईत. बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास आता प्रत्यक्षात आलाय. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या ५५६ रहिवाशांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात. तीन-तीन पिढ्या सामाईक संडासाच्या रांगेत गेल्या, त्यांच्यासाठी ही किती मोठी गोष्ट आहे हे वेगळं सांगायला नको. चाळीच्या आठवणींवर गहिवरून लेख लिहिणाऱ्यांनी आधी त्या रांगेत महिनाभर उभं राहून बघावं.

पण एक गोष्ट नोंदवून ठेवतो. टॉवरमध्ये लिफ्ट आहे, गॅलरी नाही. शंभर वर्षं ज्या गॅलरीत वर्गणी गोळा झाली, तालमी झाल्या, भांडणं होऊन मिटली, ती जागा नव्या नकाशात कुठं आहे? देखभालीचा खर्च वाटून घ्यायचा, सोसायटीची सभा चालवायची, लिफ्ट बंद पडली तर चार जणांनी मिळून पाठपुरावा करायचा, याला तीच सवय लागते जी मंडळात लागायची. घर नवं मिळालं आणि ती सवय मोडली, तर वीस वर्षांनी टॉवरचीही चाळ होते. आपल्याकडच्या काही घरकुल इमारतींत हे दहा वर्षांतच झालेलं बघतोय आपण.

मग आपण काय करायचं?

माझं मत विचाराल तर भिंती रंगवायला माझा विरोध नाही. उलट रंगवाच. पण ब्रश हातात घ्यायच्या आधी पाच गोष्टी करा.

एक. आधी बैठक, मग रंग. ज्या लाईनीत काम करायचं त्या लाईनीतल्या प्रत्येक घरातून एक माणूस तरी यायला हवा. बायका आल्या पाहिजेत, कारण त्या भिंतीपाशी दिवसभर वावर त्यांचाच असतो. त्यांनी 'चित्र नको, नुसता पांढरा चुना द्या' म्हटलं तर चुनाच द्यायचा.

दोन. भिंत आधी बरी करा. ओल असलेल्या भिंतीवर रंग टिकत नाही, हे कुठलाही गवंडी सांगेल. पन्हळ फुटली असेल, गच्ची गळत असेल, पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो भिंतीवरून वाहत असेल, तर पहिला खर्च त्याचा. जमलेल्या पैशातला अर्धा पैसा दुरुस्तीला ठेवा. फोटो कमी चांगले येतील, हरकत नाही.

तीन. चित्र कुणाचं? आपल्या दाराशी सातपुडा आहे. भिल्ल, पावरा मुलामुलींच्या हातात जी रेघ आहे ती इंटरनेटवरून उतरवलेल्या डिझाईनमध्ये नाही. त्यांना बोलवा, पण फुकट राबवून घेऊ नका. 'प्रसिद्धी मिळेल' हा मोबदला नव्हे. रंगाऱ्याला रोज देता तसाच चित्रकारालाही द्या, आणि भिंतीवर नाव त्याचं लिहा, देणगीदाराचं खाली आणि लहान.

चार. पुसायचा हक्क. तीन वर्षांनी चित्र नको झालं तर ते बुजवायचा हक्क त्या घरच्यांचा. हे पहिल्याच बैठकीत वहीत लिहून ठेवा. इह्वाच्या लोकांना हा हक्क आधीच मिळाला असता तर रात्रीतून पायऱ्या बुजवायची वेळ आली नसती.

पाच, आणि सगळ्यात महत्त्वाचं. रंगकामासाठी जी माणसं जमली ती पांगू देऊ नका. त्याच वहीत घराच्या कागदाचा प्रश्न लिहा. क्वार्टर कुणाच्या नावावर, घरकुलाचा ताबा कुणाकडे, पाणीपट्टी कोण भरतं, दुरुस्तीची जबाबदारी कुणाची. या प्रश्नांची उत्तरं लेखी मागा. एकट्यानं अर्ज केला तर तो टेबलावर पडून राहतो. चाळीस सह्यांचा अर्ज उचलावा लागतो, आणि त्या चाळीस सह्या जमवायचा सोपा रस्ता म्हणजे आधी चाळीस घरांनी मिळून एखादं काम करणं. गणपतीच्या वर्गणीनं हेच शिकवलं होतं.

'आधी गटार की आधी रंग' हा वाद म्हणूनच मला खोटा वाटतो. गटारासाठी भांडायला माणसं एकत्र यायला लागतात, आणि माणसं कधी कधी रंगासाठीच पहिल्यांदा एकत्र येतात. अट एकच आहे. रंग वाळल्यावर घरी जायचं नाही.

आपल्याकडच्या वसाहतींमध्ये पूर्वी नाटकं, भजनी मंडळं, भित्तिपत्रकं, फलकलेखन असं काय काय चालायचं, याच्या आठवणी आणि जुने फोटो ज्यांच्याकडे असतील त्यांनी खाली नक्की लिहा. निवृत्त कामगार काकांना मोबाईल जमत नसेल तर नातवंडांनी लिहून घ्या. हा इतिहास कुठल्याही पुस्तकात आलेला नाही, तो आपणच गोळा करायचाय. आणि ज्या गल्लीत काम करायचं ठरतंय, तिथल्या पोरांनी पहिल्या बैठकीची तारीख इथं टाका. मी येईन, वही घेऊन.

(पोस्ट पटली तर शेअर करा. नाही पटली तर का नाही ते लिहा, पण वाचून लिहा.)